सुट्टीत कपाटे उघडी हवीत

मे महिन्यात शाळा बंद होते, तशी तिच्या ग्रंथालयाची कपाटेही. भोसरी, मोशी, महाळुंगे, खराबवाडीतल्या अनेक कामगार घरांत आई-वडील पाळीवर आणि मुले दिवसभर एका खोलीत मोबाइल घेऊन. आठवी-नववीचा गृहपाठ बहुधा व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, गाइडमधून वहीत उतरतो आणि जूनमध्ये विसरला जातो. त्यातून मुलांच्या पदरी काही पडत नाही. त्यापेक्षा सुट्टी लागण्याच्या दिवशी प्रत्येकाच्या हाती दोन पुस्तके द्यावीत. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ माणदेशातल्या धनगरवस्तीवर शिकवायला गेलेल्या तरुण मास्तराची गोष्ट सांगते. वीणा गवाणकरांचे ‘एक होता कार्व्हर’ गुलामीत जन्मलेल्या मुलाला शास्त्रज्ञ होताना दाखवते. मराठवाड्यातून, विदर्भातून चाकणला आलेल्या घरांतल्या मुलांना ही माणसे परकी वाटणार नाहीत.

पुस्तके हरवतील, फाटतील, ही शिक्षकांची भीती खरी आहे. नुकसानभरपाईचा भार त्यांच्यावर टाकूच नये. २०१७ मध्ये राज्याने भिलार गावातल्या काही घरांत पुस्तके ठेवली. तोच विश्वास आपल्या विद्यार्थ्यांवरही दाखवावा. महापालिकेचा शिक्षण विभाग आणि जिल्हा परिषद यांनी सुट्टीपूर्वीच तसा लेखी आदेश काढावा.