हाडांच्या उपचारांत कंपनीचा पैसा

मणक्याची हाडं सांधण्यासाठी मेडट्रॉनिकने ‘इन्फ्यूज’ हे प्रथिन बाजारात आणलं. कंपनीच्या पैशावर झालेल्या १३ अभ्यासांत ७८० रुग्णांना ते दिलं गेलं. दुष्परिणाम एकही नोंदला गेला नाही. जून २०११ मध्ये ‘द स्पाइन जर्नल’ने जवळपास अख्खा अंक या प्रथिनाच्या सुरक्षिततेच्या प्रश्नाला दिला. डॉ. युजीन कॅरागी आणि सहकाऱ्यांनी त्यात दुष्परिणामांचा धोका १० ते ५० टक्के असल्याचं दाखवलं. मानेच्या शस्त्रक्रियेत तर गळा सुजून श्वास कोंडण्याची भीती. पुढच्या वर्षी अमेरिकी सिनेटच्या समितीने हिशेब मांडला: या अभ्यासांच्या लेखक-डॉक्टरांना १९९६ ते २०१० या काळात कंपनीकडून सुमारे २१ कोटी डॉलर मिळाले होते. हे वाचून आजही संताप येतो.

आपल्याकडे कंपनीची ओढ डॉक्टरला शिकतानाच लागते. सांधेरोपणाच्या कार्यशाळेत प्लास्टिकची हाडं, करवत, ट्रायल इम्प्लांटचे ट्रे अनेकदा कंपनीचेच असतात. निवासी डॉक्टरचा हात ज्या सेटवर बसतो, तोच सेट तो पुढे मागतो. उद्योगाशिवाय नवं इम्प्लांट घडत नाही, हे मान्य. पण या प्रशिक्षणाचा खर्च वैद्यकीय महाविद्यालयांनी उचलायला हवा. आणि गुडघा बदलायला आलेल्या रुग्णाला आपल्या सर्जनचे कंपनीशी असलेले व्यवहार न विचारता कळायला हवेत.