हेटवणेचे पाणी आधी कुणाचे?

पेण तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. हेटवणेचे धरण याच तालुक्यात आहे. तरीही एप्रिल उजाडला की वाशी, शिर्की, वढाव या खारेपाटातल्या गावांत टँकरची वाट पाहणे सुरू होते. खाडीलगतच्या या पट्ट्यात विहीर खणली तर खारे पाणी लागते. शहापाड्याच्या छोट्या धरणावर अख्ख्या पट्ट्याची तहान भागत नाही आणि शेवटच्या गावापर्यंत नळाला दाब राहत नाही.

हेटवणेचा साठा सुमारे १४५ दशलक्ष घनमीटर. खारघर, उलवे, द्रोणागिरीच्या वाढत्या वस्तीसाठी सिडकोची इथून रोज १५ कोटी लिटरची योजना आहे. ती नव्या बोगद्यासह २७ कोटी लिटरवर नेण्याचे काम हाती घेतले आहे. पावसाळ्यात उपसा चालू असतानाच धरण भरत राहते, म्हणून ते चार महिने सोडून देऊ. ऑक्टोबर ते मे एवढाच हिशेब धरला तरी रोजच्या २७ कोटी लिटरला सुमारे ६६ दशलक्ष घनमीटर लागतात, म्हणजे साठ्याचा पंचेचाळीस टक्के भाग. बाष्पीभवन, सिंचन, पेण शहर आणि खारेपाट या सर्वांनी उरलेल्यात भागवायचे. आज ते भागेलही. पण पेणही आज आहे तेवढेच राहणार नाही. उरण, पनवेल आणि पेणमधल्या १२४ गावांच्या जागी नवे शहर वसवण्याचे काम सरकारने २०२४ मध्ये एमएमआरडीएकडे सोपवले. अटल सेतूमुळे मुंबई जवळ आली आहे. पुढच्या पंचवीस वर्षांत पेणला किती पाणी लागेल हा आकडा ठरवण्याआधीच पेणचे पाणी बाहेर वाटले जात असेल, तर त्याला नियोजन म्हणता येणार नाही.

नवी मुंबईची बाजूही खरी आहे. पेणमधली कितीतरी मुले तिथेच नोकरी करतात, तिथेच घर घेतात. त्या घरातल्या नळाला पाणी नको असे कोण म्हणेल? राज्याच्या जलनीतीत पिण्याच्या पाण्याला पहिला क्रम आहे. पण खारघरचे पाणी पिण्याचे आणि शिर्कीचेही पिण्याचेच. इथे तो क्रम काहीच सोडवत नाही. म्हणून धरणाच्या खोऱ्यातल्या लोकांची आजची आणि उद्याची गरज आधी बाजूला काढावी आणि उरलेले बाहेर द्यावे, हे तत्त्व लेखी मान्य व्हायला हवे. त्याची किंमत शहराला मोजावी लागेल. काही नोडची वाढ धिमी करावी लागेल. ती किंमत रास्त आहे.

मग आणखी एक धरण बांधावे का? बाळगंगा धरणाचा अनुभव ताजा आहे. सिडकोला पाणी मिळावे म्हणून २०१० च्या सुमारास काम सुरू झाले, २०१५ मध्ये लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने गुन्हा नोंदवला, काम रखडले आणि पुनर्वसन अर्धवट राहिले. बुडीत क्षेत्रातल्या कुटुंबांना तिथे नवे घर बांधता येत नाही आणि गाव सोडून कुठे जायचे हेही ठरत नाही. साठवण वाढवावी लागेल, हे नाकारता येत नाही. कोकणातला पाऊस चार महिन्यांत समुद्राला मिळतो. पण या कुटुंबांचे पुनर्वसन पुरे होण्याआधी तिथे घळभरणी होता कामा नये.

बाहेर जाणाऱ्या पाण्याचा पेणचा प्रश्न असा; रोह्याचा प्रश्न वेगळा आहे आणि तो फारसा चर्चेत येत नाही. तिथली कुंडलिका नदी उन्हाळ्यात वाहते ती मुळशी धरणाच्या पाण्यावर. घाटमाथ्यावर अडवलेले ते पाणी १९२७ पासून भिऱ्याच्या वीजगृहात उतरते आणि तिथून नदीत येते. डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून कालव्यांना पाणी जाते. रोहा शहर आणि धाटावची औद्योगिक वसाहत यांची भिस्तही याच नदीवर आहे. म्हणजे रोह्याचे पाणी विजेच्या गरजेनुसार सुटते. मुळशीचे पाणी पूर्वेला, भीमा खोऱ्यात वळवावे ही मागणी जुनी आहे आणि तिच्यात तथ्य आहे. मुळशी धरण ज्या मुळा नदीवर आहे, ती मुळात भीमेच्या खोऱ्यातली. तिच्यावरच्या धरणाविरुद्ध मावळातले शेतकरी सेनापती बापटांसोबत १९२१ मध्ये सत्याग्रहाला उतरले होते. दुष्काळी सोलापूरला ‘तुमच्याकडे पाऊस नाही, सोसा’ असे सांगणे न्यायाचे नाही. पण शंभर वर्षांत त्या पाण्यावर इथली दुबार शेती, उद्योग आणि एक शहर उभे राहिले आहे. कुंडलिका खोऱ्यात स्वतंत्र साठवण उभी राहिल्याशिवाय एक थेंबही वळवू नये, आणि ती उभी राहिल्यावर रोह्याने हट्ट धरू नये.

मागणी कमी करण्याचा मार्ग सर्वात स्वस्त आहे, पण त्याकडेच सर्वात कमी लक्ष जाते. नवी मुंबई महापालिका कोपरखैरणे आणि ऐरोली इथे सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते उद्योगांना पुरवते. १२४ गावांतल्या नव्या शहराचे रस्ते अजून खणायचे आहेत. पिण्याची आणि पुनर्वापराची अशा दोन वाहिन्या आताच टाकल्या तर खर्च थोडा येईल, वीस वर्षांनी तो पेलणार नाही. धाटावच्या कारखान्यांनाही नव्या पाण्याचा कोटा देताना आधी पुनर्वापराचा हिशेब मागावा. आणि बोगद्यातून वाढीव पाण्याचा पहिला थेंब निघण्याआधी हेटवणेचे पाणी खारेपाटातल्या शेवटच्या गावापर्यंत पोहोचवणारी जलवाहिनी पूर्ण व्हावी, ही अट सिडको आणि जलसंपदा विभागाच्या करारात तारखेसह लिहिली जावी.