मोठ्या मरळीचं वय कोण विचारणार?

भिगवणच्या मासळी बाजारात मरळ जेवढी मोठी, तेवढी तिला मागणी. आजारातून उठलेल्या माणसासाठी, बाळंतिणीसाठी लोक मुद्दाम मोठीच नेतात. प्राणिशास्त्र शिकवणारी बाई म्हणून मला त्या मोठेपणाचीच काळजी वाटते.

पवना दापोडीला मुळेला मिळते, मुळा-मुठा आणि इंद्रायणी भीमेला. पुणे-पिंपरीचं सांडपाणी, कारखान्यांचं पाणी असं वाहत भिगवणजवळच्या उजनी धरणात येऊन थांबतं. त्यातले धातू कुजत नाहीत. गाळात बसतात आणि किड्यांमार्फत माशांत शिरतात.

पण सगळे धातू सारखे नव्हेत. जस्त, तांबं माशाला लागतंच. जास्तीचं तो बरंचसं बाहेर टाकतो, त्यामुळे ते वयाबरोबर वाढेलच असं नाही. कॅडमियम मूत्रपिंडात साठतं, शिसं हाडांत. पारा मात्र मिथिल रूपात थेट मांसात बसतो आणि फार सावकाश बाहेर पडतो. म्हणून एकाच पाण्यातल्या थोराड माशात तो पिलापेक्षा जास्त सापडतो. मरळ तर दुसरे मासे खाऊन जगते, त्यांच्यातला पाराही तिच्यात उतरतो. धुऊन, उकळून तो जात नाही.

कटल्याचा खवला भिजवून, चोळून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की वलयं दिसतात. वाढ मंदावली तिथं ती दाट होतात, त्यावरून वयाचा अंदाज येतो. एवढं माझी मुलं प्रयोगशाळेत करतात. मग ‘माशांत शिसे इतके’ अशी नुसती सरासरी का छापायची? कोणता मासा, किती वजनाचा, मांस तपासलं की यकृत? स्वीडनमध्ये पाईक या शिकारी माशातला पारा 1 किलोच्या माशाच्या हिशेबानं मांडतात, तेव्हा कुठं दोन तळ्यांची तुलना होते.

उजनीत दरवर्षी चिलापी, कटला आणि मरळ लहान, मध्यम, मोठ्या वजनाच्या घेऊन तपासा आणि आकडे बाजारातल्या फलकावर लावा. यानं मच्छीमारांच्या पोटावर पाय येईल, असं काहीजण म्हणतात. मला उलट वाटतं. नुसती अफवा उठली तरी चिलापीचाही भाव पडतो. वजनवार आकडे असले तर निदान लहान मासळी निर्धास्त विकता येईल, गरोदर बाईला काय टाळायचं तेही कळेल. आणि या तपासणीचा एक रुपयाही मच्छीमार सोसायट्यांकडून घेऊ नये. तो नदीत पाणी सोडणाऱ्या महापालिकांनी आणि कारखान्यांनी भरावा.