ओटीपी म्हणजे सही

आयकर खात्याने सोमवारी, १४ जुलै २०२५ रोजी, देशभरात सुमारे दीडशे ठिकाणी झडती घेतली. नेरळ-कर्जतमध्ये कोणाकोणाच्या पोटात गोळा आला, ते मंगळवारी सकाळच्या लोकलमध्ये चेहऱ्यांवरूनच कळत होते. एरवी सरकारला अक्कल शिकवणारे डबे खाली मान घालून मोबाइलमध्ये जुनी रिटर्न शोधत होते. बहुतेकांना ती सापडत नव्हती, कारण रिटर्न भरले होते ‘त्याने’. हा ‘तो’ कुठे बसतो, किती टक्के घेतो आणि गेल्या वर्षी कोणाला किती रिफंड काढून दिला, हे डब्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. त्याने रिटर्नमध्ये नेमके काय लिहिले, ते मात्र एकालाही ठाऊक नसते.

त्याने काय लिहिले ते आता खात्यानेच सांगितले आहे. न भरलेले घरभाडे, न घेतलेले शैक्षणिक कर्ज, न झालेले आजार, न दिलेल्या देणग्या. यादीत विजेवरच्या गाडीच्या कर्जाचे व्याजही आहे. स्टेशनपर्यंत रोज पायी येणाऱ्याच्या नावावर विजेची गाडी! त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४० हजार जणांनी रिटर्न दुरुस्त करून १,०४५ कोटींचे खोटे दावे मागे घेतले, असे खाते सांगते. माणशी अडीच लाखांहून अधिक झाले. हे काही अडाणी, नाडलेले लोक नव्हेत. बहुराष्ट्रीय कंपन्या, सरकारी उपक्रम, शिक्षणसंस्था अशा ठिकाणचे नोकरदार यात असल्याचे खाते म्हणते. झडत्यांच्या राज्यांत महाराष्ट्र आहेच.

‘आम्हाला फसवले’ हा सूर आता सर्वत्र निघेल. तो अर्धाच खरा आहे. रिफंड म्हणजे कोणी दिलेले बक्षीस नव्हे. तुमच्या पगारातून जास्त कापलेला कर आणि फार तर त्यावरचे व्याज तेवढे परत येते, त्याहून एक रुपया अधिक येत नाही. ‘जास्त काढून देतो’ म्हणणारा माणूस चोरीच करणार, हे आठ-नऊ लाख पगार घेणाऱ्याला कळत नाही असे कसे मानायचे? हिशेबही साधा आहे. वीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाने एक लाखाची खोटी देणगी दाखवली, तर उपकरासह २०,८०० रुपये वाचतात. पकडले गेले की तो कर भरायचा आणि चुकीची माहिती दिल्याबद्दल कराच्या २०० टक्के दंड, म्हणजे ४१,६०० रुपये. मिळून ६२,४०० झाले, वर व्याज वेगळे. एजंटाची टक्केवारी गेली ती गेलीच. नोटीस त्याच्या नावाने येत नाही, कारण रिटर्नवर सही तुमची असते.

मी कुठे सही केली, असे विचारणाऱ्याने मागचा जुलै आठवावा. संध्याकाळी फोन आला असेल, ‘दादा, एक ओटीपी आला असेल, तेवढा सांगा.’ गर्दीत लोंबकळत, बदलापूर सोडताना, तुम्ही सहा आकडे मोठ्याने वाचून दाखवले असतील. तीच तुमची सही. आधारच्या त्या ओटीपीने रिटर्न पडताळले जाते, म्हणजे आतला सगळा मजकूर वाचून, मान्य करून तुम्ही ते दाखल केलेत असा त्याचा अर्थ होतो. कोऱ्या स्टॅम्पपेपरवर अंगठा उठवणाऱ्या आजोबांना आपण हसतो. त्यांना निदान कागद दिसत तरी होता. हे एजंट तात्पुरता ईमेल काढून शेकड्याने रिटर्न भरतात आणि मग तो ईमेल टाकून देतात. खात्याची पत्रे तिथेच पडून राहतात आणि तुम्हाला कळते ते थेट वसुलीच्या वेळी.

आमची खरी चीड याच सवयीवर आहे. बँक वर्षभर कानीकपाळी ओरडते, ओटीपी कोणाला सांगू नका. आणि दर जुलैत आपण तो कोपऱ्यावरच्या दुकानदाराला न विचारता सांगतो. एकदा जिभेला वळण लागले की फोनवरचा चोर वेगळा कसा ओळखणार? ‘तुमचा १५,४९० रुपयांचा रिफंड मंजूर झाला आहे, खाते क्रमांक तपासा’ असा मेसेज २०२३ मध्ये घरोघरी फिरला. तो बनावट असल्याचे सरकारच्याच पत्र सूचना कार्यालयाला सांगावे लागले. २०२५ मध्ये रिटर्नची मुदत १५ सप्टेंबरपर्यंत वाढली, म्हणजे चोरांचा हंगामही वाढला. ही विद्या आपल्याला परकी नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घालून सातशेहून अधिक जणांना ताब्यात घेतले, ७० जणांना अटक केली. तिथली पोरे रात्रभर अमेरिकी उच्चारात तिकडच्या कर खात्याचे अधिकारी बनून ‘आत्ता पैसे भरा, नाहीतर अटक’ असे धमकावत. अमेरिकेतली म्हातारी माणसे घाबरून भेटकार्डांचे क्रमांक वाचून दाखवत. आकडे वाचून दाखवायला लावणे, सगळी कला एवढीच.

ज्यांना कर लागतच नाही तेही सुटत नाहीत. आंबिवलीत झोपडीत राहणाऱ्या एका मजुराला २०२० च्या सुमारास १ कोटी ५ लाखांची आयकराची मागणी आली. नोटाबंदीत त्याच्या पॅनवर उघडलेल्या खात्यात कोणीतरी ५८ लाख भरले होते. माथेरानच्या पायथ्याच्या कातकरी आणि ठाकरवाड्यांतून कर्जाला, सिमकार्डाला, योजनेला आधार-पॅनच्या झेरॉक्स किती सहज दिल्या जातात, ते पाहिले की अंगावर काटा येतो. झेरॉक्सवर आडवी रेघ मारून ‘फक्त अमुक कामासाठी’ आणि तारीख लिहा, हे तिथे कोणी सांगत नाही.

आणि या खोट्या देणग्या ज्यांच्या नावावर दाखवल्या जातात ते राजकीय पक्ष? जून २०२५ मध्ये देशात मान्यता नसलेले नोंदणीकृत पक्ष २,८०० हून अधिक होते. त्यातल्या ३४५ पक्षांनी २०१९ पासून एकही निवडणूक लढवली नव्हती. त्यांना वगळण्याची प्रक्रिया निवडणूक आयोगाने त्या महिन्यात सुरू केली. सहा वर्षांनी! मधल्या काळात धनादेशाने देणगी घ्यायची आणि कमिशन कापून रोख परत करायची, हा कारखाना सुखेनैव चालला. वडापावच्या गाडीला अन्नसुरक्षेची नोंदणी लागते, पण शंभर माणसांची रिटर्न भरणाऱ्याला कसलाही परवाना लागत नाही.

खाते म्हणेल, आम्ही सोय केली आहे. केली आहे हे खरे. १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या पत्रावर दस्त ओळख क्रमांक असतो आणि संकेतस्थळावर लॉगिन न करताही तो खरा की खोटा ते पाहता येते. पण हे नेरळच्या बाजारपेठेत कोणाला माहीत आहे? पैसे गेले तर १९३० वर तासाभरात फोन करायचा, हे किती जणांना पाठ आहे? जाहिरातींवर कोट्यवधी उधळणाऱ्या सरकारला स्टेशनच्या तिकीटखिडकीशेजारी मराठीत एक पाटी लावता आलेली नाही. तिथे एजंटांची पत्रके मात्र पावसात भिजूनही चिकटलेली आहेत.

ओटीपीचा मेसेजही इंग्रजीत येतो आणि कशासाठी आला ते धड सांगत नाही. तो मराठीत यावा आणि त्यात स्पष्ट असावे : ‘हा आकडा सांगितलात तर एक लाखाची देणगी दाखवणारे रिटर्न तुमच्या सहीने दाखल होईल.’ मग बदलापूर सोडताना किती जण तो मोठ्याने वाचतात, ते पाहू.