शस्त्रक्रियेनंतरची वर्षे

मूत्रपिंड प्रत्यारोपणाचे यशापयश शस्त्रक्रियागृहातच ठरते, हा आपल्याकडे रूढ झालेला समज निरनिराळ्या देशांचे आकडे शेजारी ठेवले असता टिकत नाही. १९५४ साली बॉस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्यास बसवून ज्या विद्येचा पाया घातला, ती आज इतकी सिद्ध झाली आहे की, युरोप काय आणि अमेरिका काय, पहिल्या वर्षाअखेरीस मृत दात्यांची मूत्रपिंडे कार्यरत राहण्याचे प्रमाण जवळजवळ सारखेच आढळते. खरी तफावत पडते ती त्यानंतर. हायडेलबर्ग येथील आंतरराष्ट्रीय नोंदींच्या आधारे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत दहा वर्षांचे हे प्रमाण युरोपात शेकडा ५६, तर अमेरिकेतील गोऱ्या रुग्णांत ४६ आणि कृष्णवर्णीयांत अवघे ३४ निघाले.

अशा तुलना सावधपणेच वाचल्या पाहिजेत. कारण रुग्णांचे वय, डायलिसिसवर गेलेला काळ, दाता हयात की मृत, आणि मूत्रपिंड चालू असताना झालेला मृत्यू कोणत्या सदरात धरला, या प्रत्येक गोष्टीने आकडा बदलतो. तथापि ही सारी वजावट केल्यावरही एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. शरीराने परके मूत्रपिंड नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमससारखी औषधे सकाळ-संध्याकाळ, ठरल्या वेळी, ते मूत्रपिंड चालू आहे तोवर घ्यावी लागतात. आणि अमेरिकेत मात्र, केवळ मूत्रपिंडाच्या विकारामुळे सरकारी विमा मिळालेल्या रुग्णाचे हे साहाय्य छत्तीस महिन्यांनंतर बंद होत असे. अन्य विमा नसणाऱ्यांसाठी ही मुदत उठविणारा कायदा तेथे २०२० साली झाला आणि त्याचा अंमल २०२३ च्या जानेवारीपासून सुरू झाला. सगळी तफावत या एकाच कारणाने पडली असे आमचे म्हणणे नाही. परंतु शस्त्रक्रियेचा प्रचंड खर्च सोसून औषधाच्या खर्चास कात्री लावणे हा जमाखर्च कोणत्याही खजिन्यास परवडणारा नव्हे.

हा धडा आपणांस अधिकच लागू आहे. आपल्याकडे बहुतेक मूत्रपिंडे हयात आप्तांची, आणि त्यांतही पुष्कळदा आईची किंवा पत्नीची असतात. १९९४ च्या कायद्यान्वये दात्याचे नाते व संमती यांची कसून छाननी होते, ती योग्यच आहे; पण त्या आईने वा पत्नीने दिलेल्या दानाचे पाच वर्षांनी काय झाले, हे विचारण्याची तितकीच काटेकोर तजवीज दिसत नाही. क्रिएटिनिन ठीक आहे, प्रकृती सुधारली आहे, एवढ्यावर भिस्त ठेवून आणि घरातील पैसा संपत आला म्हणून एखादा रुग्ण आपल्याच मनाने गोळ्या निम्म्या करतो, तेव्हा त्या मातेचा त्याग मातीमोल होण्याची भीती असते.

म्हणून शासनाकडे आमची मागणी दुहेरी आहे: प्रत्यारोपणानंतरची औषधे व रक्ततपासण्या मुदतीची अट न घालता गरजू रुग्णांस विनामूल्य मिळाव्यात, आणि प्रत्येक रुग्णालयाने आपल्या रुग्णांची एक, पाच व दहा वर्षांनंतरची स्थिती नोंदवून दरसाल प्रसिद्ध करावी. किती शस्त्रक्रिया झाल्या याची गणती पुष्कळ झाली; त्यांतील किती रुग्ण दहा वर्षांनीही डायलिसिसविना जगत आहेत, याचा हिशेब आता शासनाने जनतेसमोर मांडावा.