विश्लेषण : पासवर्ड न चोरता डोमेन पळवता येते? जुन्या ‘नेमसर्व्हर’ नोंदी का धोकादायक?

१३ डिसेंबर २०१८ रोजी अमेरिका आणि कॅनडातील अनेक शाळा, कार्यालयांना ईमेल आले : इमारतीत बॉम्ब आहे, २० हजार डॉलरचे बिटकॉइन पाठवा. बॉम्ब कुठेच नव्हता. मात्र हे ईमेल आले होते भल्याभल्या कंपन्यांच्या खऱ्याखुऱ्या डोमेन नावांवरून. त्यांची खाती कुणी फोडली नव्हती. कधीतरी घेऊन ठेवलेल्या, वापरात नसलेल्या नावांच्या नेमसर्व्हर नोंदी तशाच पडून होत्या, तेवढे पुरले.

नेमसर्व्हर म्हणजे काय?

डोमेन नाव आपण रजिस्ट्रारकडून घेतो. ‘या नावाची चौकशी अमुक नेमसर्व्हरकडे करा’ अशी नोंद रजिस्ट्रार वरच्या नोंदवहीत, म्हणजे रजिस्ट्रीत करतो. संकेतस्थळ कुठे आहे, ईमेल कुठे जायचे, हे पुढे तो नेमसर्व्हर सांगतो. सोसायटीच्या दारावर ‘चौकशी समोरच्या किराणा दुकानात करावी’ अशी पाटी असावी, दुकान बंद होऊन गाळा भलत्यानेच घ्यावा आणि पाटी तशीच राहावी, असा हा प्रकार. नवा गाळेवाला सांगेल तो पत्ता.

धोका किती मोठा?

नेमसर्व्हर पुरवणारी कंपनी वेगळी, तिच्याकडची आपली सेवा बंद झालेली, आणि मालकी न तपासता कुणालाही ते नाव आपल्या खात्यात जोडू देणारी तिची पद्धत. या तीन गोष्टी जुळल्या की नाव परक्याच्या हाती जाते. मॅथ्यू ब्रायंट या संशोधकाने २०१६ मध्ये अशी १ लाख २० हजारांहून अधिक नावे दाखवून दिली. पुढच्याच वर्षी ‘डॉट आयओ’ या अख्ख्या विभागाच्या सातपैकी चार नेमसर्व्हरची नावे चक्क विकत मिळत असल्याचे त्यानेच उघड केले. इन्फोब्लॉक्स आणि एक्लिप्सियम या कंपन्यांनी २०२४ मध्ये धोक्यातील नावांचा अंदाज १० लाखांच्या वर नेला. म्हणजे दोष माहीत होऊन आठ वर्षे लोटली होती. नाव हाती आले की त्यावरून ईमेल पाठवता येतात आणि ब्राउझरमध्ये कुलूप दाखवणारे प्रमाणपत्रही मिळते.

रजिस्ट्रारकडे घोडे कुठे अडते?

नेमसर्व्हरची नोंद फक्त रजिस्ट्रारमार्फत बदलते. होस्टिंग कंपनीला कितीही फोन केले तरी ते तिच्या हातात नसते. आपल्याकडची नेहमीची अडचण वेगळीच. दुकानाचे, संस्थेचे संकेतस्थळ कुणा ओळखीच्या डेव्हलपरने केलेले असते, डोमेन त्याच्या खात्यात आणि नोंदीतला ईमेलही त्याचाच. तो नोकरीला लागून शहर सोडतो. रजिस्ट्रार मात्र नोंदीतल्या माणसाचेच ऐकणार. आणि ते बरोबरही आहे, नाहीतर फोनवर गोड बोलून कुणीही नाव पळवेल. अशा वेळी बिले, संस्थेची नोंदणी, पत्रव्यवहार असे पुरावे देऊन आधी मालकीची नोंद दुरुस्त करून घ्यावी लागते.

रजिस्ट्रार बदलला की प्रश्न मिटला, हा गैरसमज. हस्तांतरात जुनी नेमसर्व्हर नोंद सहसा तशीच सोबत येते. जुन्या रजिस्ट्रारने आपली मोफत सेवा बंद केली की पाटी रिकाम्या गाळ्याकडे बोट दाखवू लागते. हस्तांतराचा कोड मागितल्यापासून पाच दिवसांत द्यावा, असा आयकॅनचा नियम आहे. तो पाळला नाही तर आयकॅनकडे तक्रार करता येते, पण ‘डॉट कॉम’सारख्या नावांसाठीच. ‘डॉट इन’ची व्यवस्था निक्सी पाहते.

भारतात काय बदलले?

रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’वर जाण्यास सांगितले. तेथे आयडीआरबीटी ही एकच रजिस्ट्रार संस्था आहे, त्यामुळे जबाबदारी कुणाची हा घोळ कमी होतो. नागरी सहकारी बँका त्यात आल्या. राज्यातील पतसंस्था बँका नसल्याने बाहेरच राहिल्या. शिवाय बँकांची जुनी नावे पासबुकांवर, ग्राहकांच्या मोबाइलमध्ये अजून आहेत. त्यांच्या नेमसर्व्हर नोंदींकडे कोण पाहणार, हा प्रश्न त्या त्या बँकेचा.

आपल्या नावाची नोंद आयकॅनच्या लुकअप पानावर मोबाइलवरही दिसते. तिथला नेमसर्व्हर ओळखीचा नसेल, तर रजिस्ट्रारच्या खात्यात जाऊन तो आधी काढावा. ‘डॉट कॉम’ची जुनी नोंद काही ठिकाणी त्यानंतरही ४८ तासांपर्यंत रेंगाळते.