चौदा पायांच्या पाहुण्यांचा फलाहार

अमेरिका, युरोप आणि जपान येथे आयसोपॉड पाळण्याचा छंद अलीकडे चांगलाच रुजला आहे. बागेतील कुंडी उचलताच तिच्या बुडाशी चिलखत घातल्यासारखे दिसणारे जे करडे जीव धावू लागतात, तेच हे. त्यांतील काही जाती स्पर्श होताच अंगाची गोळी करतात. आपल्याकडील पैसा या किड्याशी त्यांचे रूप थोडेफार जुळते, नाते मात्र जुळत नाही. खेकडा आणि कोळंबी यांच्या कवचधारी वर्गातील, परंतु जमिनीवर स्थिरावलेला हा जीव आहे. पाय चौदा, लांबी बहुधा एक-दीड सेंटिमीटर. श्वसन पोटाखालील पातळ पडद्यांसारख्या अवयवांनी होते आणि ते ओलसर राहिले तरच श्वास चालतो.

त्यांचे मुख्य अन्न म्हणजे कुजणारी पाने आणि जीर्ण लाकूड. फळ हा वरचा खाऊ होय. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर पाचोळा हे भांडवल आणि फळ हे सणासुदीचे वाटप. नवखा पाळणारा नेमका येथेच हिशेब उलटा मांडतो. काकडीच्या चकतीभोवती रात्री गर्दी जमलेली पाहून त्याला आनंद होतो, दुसऱ्या दिवशी तो दुप्पट फोडी ठेवतो, आणि बंद डब्यात बुरशी, चिलटे व बारीक कोळीकिडे यांची भरभराट होते. डबा चिंब होतो, हवा कोंदट होते आणि ज्यांच्यासाठी हा थाट केला तेच मरू लागतात. म्हणून फोड नखाएवढी असावी, ती झाडाच्या सालीच्या तुकड्यावर ठेवावी आणि एक-दोन दिवसांत उरलेली काढून घ्यावी. शिळे अन्न न ठेवण्याचा नियम ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या पाळला जातो, त्यांना हे वेगळे समजावण्याची गरज नाही.

काकडी, भोपळा, सफरचंद, केळे ही त्यांची आवडती फळे. परदेशी पाळणारे गाजरही देतात, पण कंदमूळ वर्ज्य असलेल्या घरात त्यावाचून काही अडत नाही. आंबट फळे बहुतेक जण टाळतात. खरा धोका फळावरील फवारणीचा आहे. किडे मारण्यासाठी केलेली औषधे या कवचधारी जीवांनाही घातक ठरतात. फळ धुऊन, साल काढून द्यावे, आणि शक्य असल्यास ते घरच्या परसातलेच असावे.

शाकाहारी घरातील मुलाने हा डबा आणण्याचा हट्ट धरला, तर आणखी एक प्रश्न उभा राहतो. पुष्कळ पाळणारे प्रथिनांसाठी वाळलेली कोळंबी किंवा माशांचे खाद्य टाकतात, तर कवचासाठी अंड्याची टरफले. परंतु वाळलेल्या वाटाण्याची भरड देता येते, आणि चुनखडीच्या दगडाचा तुकडा कॅल्शियमची गरज भागवतो. पानाला लावायचा चुना मात्र कदापि नको, तो दाहक असतो. आणि मुलाचा उत्साह ओसरला म्हणून परदेशी जातीचे जीव बागेत सोडून देणे ही जीवदया नव्हे. तेथील हवामान त्यांना मानवेल किंवा ते तेथील स्थानिक जीवांना मानवतील, याची हमी कोणी देऊ शकत नाही. असा डबा दुसऱ्या जाणत्या पाळणाऱ्याकडे सोपवावा. त्याहून बरे म्हणजे आणण्यापूर्वीच विचार करावा.

मादी आपली अंडी पोटाखालच्या पिशवीत वागवते आणि पिल्ले तेथूनच बाहेर पडतात. ती पांढुरकी आणि इतकी इवली असतात की सहज नजरेत भरत नाहीत. उरलेली फोड उचलताना ती खालच्या बाजूला चिकटून असण्याचा संभव असतो, आणि घाईत ती फोडीसोबत कचऱ्यात जातात. म्हणून फोड आधी उलटी करून प्रकाशात पाहावी, आणि पूंजणीने जीव बाजूला सारतात तितक्याच हलक्या हाताने, मऊ कुंचल्याने, प्रत्येक पिल्लू पुन्हा पाचोळ्यात सोडावे.